हाय-ग्वे चित्रगृहाचे बाजूचे दार

पेहसुआ नगर कार्यालयाने यंदाच्या मे महिन्यात 'आमच्या गावची चित्रगृहे' या नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या एकतिसाव्या पानावर पुढील मजकूर आहे : "हाय-ग्वे चित्रगृहाचा शेवटचा खेळ ९ सप्टेंबर १९८६ रोजी झाला. व्यवस्थापक क्वा बून-तेक हे त्या दिवशी रागाच्या भरात बाजूचे दार न उघडताच निघून गेले. गल्लीत उभ्या असलेल्या स्त्रियांना शेवट पाहायला मिळाला नाही."

या मजकुरात चार विधाने आहेत. तारखेचे विधान चुकीचे आहे. माझ्या रागाचे विधान चुकीचे आहे. मी तेथून निघून गेलो हे विधानही चुकीचे आहे, कारण मी तेथे नव्हतोच. स्त्रियांना शेवट पाहायला मिळाला नाही, एवढे एकच विधान खरे आहे, आणि ते खरे असल्यामुळेच बाकीची तीन लोकांना खरी वाटतात.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करू नये, असे माझी मुलगी लेन-हिओंग म्हणाली. "बाबा, आधी नाव लिहा, मग भांडा." तिचे म्हणणे रीतीला धरून आहे. परंतु ज्या माणसाविषयी खोटे छापलेले आहे, त्याने आधी नाव लिहिले तर वाचणारा त्या नावासोबत ते खोटेही वाचतो. म्हणून दुरुस्ती आधी केली. आता नाव लिहितो.

मी, क्वा बून-तेक, वय वर्षे एकोणनव्वद, राहणार पेहसुआ, समुद्रमातेच्या देवळामागची गल्ली, घर क्रमांक सात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने आणि स्वतःच्या वाक्यरचनेत लिहीत आहे. माझी दृष्टी अधू झाली आहे, स्मृती झालेली नाही. मला हे लिहिण्यास कोणी भाग पाडलेले नाही. उलट, लिहू नये म्हणून एका गृहस्थांनी अननसाच्या वड्यांचा डबा आणून दिला होता. त्यांचा उल्लेख यथास्थळ येईल. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, टपाल कार्यालयातील ठेव आणि छतावरच्या कुंड्या माझी मुलगी लेन-हिओंग हिला द्याव्यात. याविषयी वाद नाही, म्हणून अधिक लिहीत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. माझ्या निधनाची सूचना छापायला जाण्यापूर्वी तिने ती दोनदा वाचावी. गेल्या वर्षी आमच्या औषधविक्रेत्याच्या आईच्या सूचनेत तिचे वय एकशे नव्वद छापले गेले होते आणि लोक सांत्वनाला येऊन औषधाचे नाव विचारत होते.

कलम दुसरे. माझा ध्वनिवर्धक, काचेच्या बावन्न पट्ट्या, दौत आणि तीन कुंचले गावच्या प्राथमिक शाळेला द्यावेत. यांचा उपयोग काय होता हे शाळेतील कोणालाही ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सन १९५६ पासून बारा वर्षे मी हाय-ग्वेमध्ये निवेदक होतो. पडद्याच्या डाव्या बाजूला उभा राहून मी परभाषेतील चित्रपट आमच्या बोलीत सांगत असे. नायिका रडली की मी रडत असे, मात्र वाक्य पुरे करून. पुढे निवेदकांची गरज संपली आणि मी व्यवस्थापक झालो. काचपट्ट्या निरोपांसाठी होत्या. बाहेर कोणी कोणाला शोधत आले की मी पट्टीवर नाव लिहीत असे आणि ते पडद्याच्या कडेला उमटे : अमक्या अमक्यांनी बाहेर यावे. एकदा एका कोळ्याच्या पट्टीवर मी लिहिले, "आपण पिता झालात. घाई नको, दोघेही सुखरूप आहेत." सगळे चित्रगृह टाळ्या वाजवू लागले आणि तो बिचारा कलिंगडाच्या बियांची पुडी सांडत अंधारात भलत्याच दाराकडे धावला.

कलम तिसरे. माझ्याकडे एक शपथपत्र आहे. लाल कागदावर दोन नावे आहेत, सी हुए-याम यांचे आणि माझे. सन १९५५ मध्ये समुद्रमातेपुढे उदबत्ती धरून आम्ही भाऊ झालो. ते दोन वर्षांनी मोठे, म्हणून ते दादा आणि मी धाकटा. त्यांच्या वडिलांची जमीन होती आणि माझा आवाज होता. या दोहोंतून हाय-ग्वे चित्रगृह उभे राहिले. गावातले पहिले चित्रगृह, म्हणजे जुने पेहसुआ नाट्यगृह, वाळवीने खाऊन बंद पडले होते, त्याच्या चांगल्या तुळया आम्ही आमच्या छताला वापरल्या. उद्घाटनाचा दिवस देवीला विचारून ठरवला : चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याचा पंधरावा दिवस, कंदिलांचा सण. पुस्तिकेत तो '१५ जानेवारी' असा छापला आहे. त्या १५ जानेवारीला आमच्या इमारतीला छप्परही नव्हते.

ही चूक एकदाच झाली असती तर मी हसून सोडून दिली असती. आमच्या पिढीतील माणसे बोलताना चांद्र तारीख सांगतात आणि लिहिताना सौर तारीख लिहितात. ज्याला हे कळत नाही, त्याने म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊ नयेत. जुन्या नाट्यगृहाच्या पाटीवर 'वर्ष अकरावे' असे कोरलेले होते. ते जपानी राजवटीतील शोवा वर्ष होते, म्हणजे १९३६. पुस्तिकाकाराने ते १९१२ पासून मोजल्या जाणाऱ्या गणराज्याचे अकरावे वर्ष समजून १९२२ छापले आणि एका इमारतीला चौदा वर्षे आधी जन्माला घातले.

पुस्तिकाकार म्हणजे सी कोक-हिंग, दादांचा मुलगा, सेवानिवृत्त शिक्षक. त्याला अक्षरे मी शिकवली. चित्रगृहाच्या तिकीटखिडकीत मांडीवर बसवून शिकवली. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. चुकीची जबाबदारी कोठवर पोहोचते, ते नोंदवून ठेवतो.

कलम चौथे. हे मुख्य कलम आहे, म्हणून येथे सावकाश वाचावे.

हाय-ग्वेच्या उत्तरेच्या भिंतीला एक अरुंद दार होते. खेळ संपण्याच्या पंधरा मिनिटे आधी ते उघडले जाई आणि ज्यांच्याकडे तिकीट नसे, त्यांना आत येऊन शेवट फुकट पाहता येई. ही रीत त्या काळी गावोगावी होती, आम्ही शोधून काढलेली नाही. आमच्या गल्लीत मात्र कालवे सोलणाऱ्या बायका येत. त्यांची पाळी साडेतीनला सुटे आणि खेळ पावणेचारला संपे. हातांना वास, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आणि डोक्यावर टोपीखालचे फडके तसेच. दादांना त्यांचा वास सोसत नसे. "बून-तेक, आपण काय बाजार उघडलाय का?" असे ते म्हणत. सन १९६१ मध्ये त्यांनी ती गल्ली भाजीवाल्याला विकायला काढली, तेव्हा ती मी विकत घेतली. साडेचार पिंग, म्हणजे सुमारे एकशे साठ चौरस फूट, जागा आहे. चार चटया अंथरल्या तर पाचवी अर्धी दुमडावी लागते. तिचा खरेदीखताचा कागद माझ्या उशाच्या पेटीत आहे. दाराला कुलूप माझे होते आणि किल्ली माझ्या खिशात असे. दुसरी किल्ली मी कोणालाही करू दिली नाही. पंचवीस वर्षे ते दार माझ्याशिवाय कोणी उघडले नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. तो अभिमान पुढे मला भोवला, म्हणून येथे नोंदवतो.

त्या बायकांत श्रीमती तै क्वी होती. तिला सारे गाव आ-क्वी म्हणते. लग्न होऊन पेहसुआत आली तेव्हापासून ती त्या दारात उभी राहत होती. तिने शेकडो शेवट पाहिले असतील, सुरुवात एकाही चित्रपटाची पाहिली नाही. एकदा मी तिला म्हटले, "आ-क्वी, एखाद्या सुटीच्या दिवशी तिकीट काढून पहिल्यापासून बघ ना."

"कशाला, मास्तर? सुरुवात मी घरून करून आणते. तुम्ही नुसता शेवट दाखवा."

ती खरोखरच करून आणत असे. कालवे सोलता सोलता ती शेजारणींना आदल्या दिवशीच्या शेवटावरून मागची सगळी गोष्ट रचून सांगे आणि ती मूळ गोष्टीपेक्षा पुष्कळ वेळा बरी असे. मी निवेदक होतो, म्हणून हे मत अधिकाराने देत आहे.

आता १९८६. गणराज्याचे पंचाहत्तरावे वर्ष. घराघरांत चित्रफिती आल्या होत्या आणि आमच्या चित्रगृहात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त दिसत. दादांना चित्रगृह एका लाकूड व्यापाऱ्याला विकायचे होते. मी विरोध केला. इमारत त्यांच्या वडिलांच्या नावावर होती, त्यामुळे कायद्याने माझी संमती लागत नव्हती, परंतु शपथपत्रात लिहिले होते की कोणताही मोठा निर्णय दोघांनी देवीसमोर एकत्र घ्यावा. दादा म्हणाले, "ठीक आहे बाबा, नवीन वर्ष झालं की बसू." मी विश्वास ठेवला.

शनिवार, ११ ऑक्टोबर. त्या आठवड्याचा चित्रपट एका नावाड्याच्या मुलीचा होता. तो आदल्याच दिवशी आला होता आणि अजून एकदाही दाखवलेला नव्हता. दादांनी मला कार्यालयात बोलावले. "सातवं रीळ फाटलंय. उद्या दुपारच्या खेळाला शेवट नको का? ताइनानला जाऊन बदलून आण."

"ऑपरेटरला पाठवा."

"त्याच्या गळ्यात जुनंच मारतील. तुझ्यासमोर कुणाची हिंमत होते?"

मला हे ऐकून बरे वाटले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाला स्तुती ओळखता यायला हवी होती.

रविवारी सकाळच्या बसने मी गेलो. वितरकाच्या कचेरीतील कारकुनाने मला चहा दिला, मग आणखी चहा दिला, मग माशाची पेज मागवली. अकरा वाजले. बारा वाजले. मी म्हणालो, "रीळ द्या, माझा खेळ दोनला आहे." तो मुलगा संकोचून म्हणाला, "रीळ कधीचं तयार आहे, साहेब. पण तुमच्या भागीदारांचा फोन होता. म्हणाले, दमून येतील, चारच्या आत सोडू नका, नीट खाऊपिऊ घाला."

मी रिळाचा डबा उचलला आणि निघालो. सरळ बस गेली होती. दोन बस बदलून आणि प्रत्येक थांब्यावर ताटकळून मी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पेहसुआत उतरलो. चित्रगृहाच्या पुढच्या दारात लाकूड व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता आणि आमच्या खुर्च्या चार-चारच्या ओळीने त्यात चढत होत्या. पडद्याचे तुकडे करून आठवण म्हणून वाटले गेले होते. शेवटचा खेळ दोन वाजता झाला होता, गावभर पत्रके वाटून, सहा रिळांचा. शेवट नव्हताच. सातवे रीळ माझ्या मांडीवर होते.

ज्या रिळाला फाटलेले म्हटले गेले, ते फाटलेले नव्हते, हे मला पुढे ऑपरेटरने सांगितले. ते शनिवारीच माझ्या आधी ताइनानला पोहोचवले गेले होते. मी जे आणायला गेलो, ते आमचेच रीळ होते.

गल्लीत आ-क्वी एकटी उभी होती. बाकीच्या बायका दार ठोठावून गेल्या होत्या. आतून कोणीतरी त्यांना ओरडून सांगितले होते, "किल्ली बून-तेककडे आहे! कुलूप लावून गेलाय तो!" हे वाक्य खोटे नव्हते. किल्ली माझ्याच खिशात होती.

"काय मास्तर," आ-क्वी म्हणाली, "शेवट विकून खाल्लात वाटतं?"

बारा वर्षे दुसऱ्यांच्या तोंडी वाक्ये घालणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःचे एक वाक्य सुचले नाही. ती टोपली उचलून गेली आणि पुढे सदतीस वर्षे माझ्याशी बोलली नाही. बाजारात मी तिच्याकडूनच कालवे घेत असे. ती मापून पिशवीत टाकी, पैसे घेई आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर मी दादांना गाठले.

"तू असतास तर काय केलं असतंस?" त्यांनी मलाच विचारले.

"विरोध."

"आणि रडला असतास. माइक घेऊन. सगळ्या गावासमोर. मला ते बघवलं नसतं, बून-तेक. म्हणून तुला लांब ठेवला."

म्हणजे माझी फसवणूक ही माझ्यावरची माया होती, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यावर सदतीस वर्षे विचार केला आहे. मला ते पटलेले नाही. मायेने केलेल्या कामाला कारकुनाला फोन करावा लागत नाही.

एवढे होऊनही मी गप्प राहिलो, कारण भावाविषयी बाहेर बोलायचे नाही असेही शपथपत्रात होते. मग यंदा पुस्तिका आली.

तिच्यातली चूक कशी झाली, हे मी तपासले आहे. कोक-हिंगने वडिलांना विचारले, शेवटचा खेळ कधी झाला? दादा म्हणाले, "नवव्या महिन्याचा नववा दिवस." दादा चांद्र तारीख बोलत होते. तिचा सौर दिनांक १२ ऑक्टोबर. कोक-हिंगने ९ सप्टेंबर लिहिले. मग नगर कार्यालयात ठेवलेल्या आमच्या दैनंदिन नोंदवहीत त्याने ९ सप्टेंबरचे पान काढले. तेथे माझ्या अक्षरात लिहिलेले आहे : "बाजूचे दार उघडले नाही." खाली माझी सही आहे. त्याला पुरावा मिळाला. त्याने पान उलटले असते, तर पुढचे वाक्य दिसले असते : "वीज गेल्याने खेळ पाचव्या रिळावर थांबला. शेवट दाखवता आला नाही. उद्या दार अर्धा तास आधी उघडावे." ते वाक्य त्याने वाचले नाही. आता नगर कार्यालय ती इमारत ताब्यात घेऊन तेथे चित्रगृहांचे संग्रहालय करीत आहे आणि पुस्तिकेतील तीच वाक्ये भिंतीवरच्या फलकावर, उत्तरेच्या दाराशेजारी, कायमची लावली जाणार आहेत.

मागच्या आठवड्यात कोक-हिंग अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन आला. संग्रहालयाला संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही, आणि तो मार्ग माझ्या गल्लीतून जातो.

"काका, एवढी एक सही द्या. गल्ली तशी पडूनच आहे."

"फलक दुरुस्त कर."

"अहो काका, तारीख दोन-चार दिवस इकडची तिकडे झाली, तर कुणाचं काय अडतंय?"

"तेहतीस दिवस. आणि त्या तेहतीस दिवसांनी मी दाराशी होतो की ताइनानला, हे ठरतं."

तो डब्याची रिबन सोडवू लागला. मी विचारले, "छापण्याआधी तुझ्या वडिलांनी हे पान वाचलं होतं?"

"वाचलं ना. भिंग घेऊन, दोनदा."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. फोटो चांगला आलाय म्हणाले."

शेवटच्या खेळाच्या त्या रविवारी मला संपवायला त्यांना एक फोन पुरला. या वेळी तेवढाही करावा लागला नाही. नुसते गप्प बसून काम झाले. पहिल्यापेक्षा मला हे दुसरे अधिक लागले आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

सबब पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

(अ) उत्तरेची गल्ली, साडेचार पिंग, श्रीमती तै क्वी हिच्या पूर्ण मालकीची होईल. पुस्तिका वाचून ती जून महिन्यात माझ्या घरी आली होती. म्हणजे नातीकडून वाचून घेऊन आली होती. सदतीस वर्षांनी तिने मला हाक मारली.

"मास्तर, हे छापलंय ते खरं का?"

मी सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं तोंड शिवून का बसला होतात?"

"किल्ली माझ्या खिशात होती."

"दुसरी नव्हती?"

"मी करू दिली नाही."

"म्हणजे थोडी चूक तुमचीही."

"आहे."

"मग तेही लिहा. नुसतं दुसऱ्याचं नका लिहू."

म्हणून लिहिले आहे. दुसरी किल्ली असती, तर त्या बायका निदान आत जाऊन रिकाम्या पडद्यासमोर उभ्या राहू शकल्या असत्या आणि खोटे कोण बोलते आहे, ते त्यांना त्याच दिवशी कळले असते. हा दोष माझा.

(आ) संग्रहालयाला गल्लीतून वाट द्यायची की नाही, हे आ-क्वीने ठरवावे. माझी तिला विनंती आहे की फलकावर पुढील मजकूर आल्याशिवाय देऊ नये : "शेवटचा खेळ १२ ऑक्टोबर १९८६ रोजी दुपारी दोन वाजता झाला. तो सहा रिळांचा होता. बाजूचे दार उघडले गेले नाही, कारण त्याची एकमेव किल्ली आणि चित्रपटाचा शेवट, दोन्ही घेऊन व्यवस्थापकांना ताइनानला पाठवण्यात आले होते." पाठवणाऱ्याचे नाव लिहू नये. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

(इ) सातवे रीळ माझ्याकडे आहे. वितरकाने ते कधी परत मागितले नाही आणि ती कंपनी आता अस्तित्वात नाही. दर वर्षी हिवाळ्यात मी ते उलगडून पुन्हा गुंडाळतो. दोन वर्षांपूर्वी एका जाणकाराने तपासून ते चालेल असे सांगितले. ते सतरा मिनिटांचे आहे. मी ते पाहिलेले नाही. प्रकाशासमोर धरून दोन चौकटी पाहण्याचा मोह अनेकदा झाला, तो आवरला. ते रीळ आणि दाराची किल्ली आ-क्वीला द्यावी.

(ई) संग्रहालय उघडेल त्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता ते रीळ दाखवावे. आधीची सहा रिळे शोधत बसू नये. पुढचे दार बंद ठेवावे. सर्वांनी, नगराध्यक्षांनीसुद्धा, बाजूच्या दारातून आत यावे. कुलूप आ-क्वीने उघडावे. सुरुवात काय होती हे कोणी विचारलेच, तर तिला विचारावे. तिच्याकडे ती सदतीस वर्षे तयार आहे. मी तिला विचारले नाही. मला ती त्या दिवशी कळणे शक्य नाही, याचे वाईट वाटते.

कलम पाचवे. सी कोक-हिंग याला माझा शब्दकोश आणि सौर व चांद्र अशा दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापलेले शंभर वर्षांचे पंचांग द्यावे. शब्दकोश त्याने सांभाळावा, पंचांग वापरावे. वड्यांचा डबा मी उघडलेला नाही, तो त्याला परत करावा.

कलम सहावे. माझे थोरले भाऊ सी हुए-याम यांना शपथपत्राची माझी प्रत परत करावी. मी ती फाडली नाही. फाडायची असेल तर ती त्यांनी फाडावी, कारण आतापर्यंत जे काही मोडले ते त्यांनीच मोडले आहे. त्यांचे वय एक्क्याण्णव आहे आणि माझी प्रकृती पाहता ते माझ्या मागे राहतील, असा माझा अंदाज आहे. संग्रहालय उघडेल त्या दिवशी त्यांच्यासाठी आतली खुर्ची राखून ठेवू नये. त्यांनी गल्लीत, कालवेवाल्या बायकांच्या रांगेत, दार उघडेपर्यंत उभे राहावे. उभे राहवत नसेल तर आ-क्वीने त्यांना आपली टोपली उलटी घालून बसायला द्यावी. शेवट त्यांनीही पाहिलेला नाही. तो पाहण्याचा त्यांना हक्क आहे. हक्क मी काढून घेत नाही.

दुरुस्त्यांची नोंद : दुसऱ्या पानावर दोन शब्द खोडले आणि एक वाढवला. सहाव्या पानावर 'दादा' हा शब्द एकदा खोडून 'सी हुए-याम' असे लिहिले, तेही खोडून पुन्हा 'दादा' लिहिले. प्रत्येक ठिकाणी सही केली आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले. वाक्ये माझी आहेत आणि अर्थही माझाच आहे.

(सही) क्वा बून-तेक

साक्षीदार. आ-क्वीला या पत्रात मालमत्ता मिळत असल्याने तिची साक्ष घेता येत नाही. ती स्वयंपाकघरात बसून होती आणि "झालं का?" असे तीनदा विचारून गेली, एवढे मात्र नोंदवतो.

(सही) लू चुन-ग्यान, औषधविक्रेते, पेहसुआ
(सही) उंग सिओक-खिम, समुद्रमातेच्या देवळाच्या व्यवस्थापक

स्थळ : पेहसुआ. गणराज्य वर्ष ११२, सोमवार, २३ ऑक्टोबर २०२३. चांद्र तारखेने नववा महिना, नववा दिवस.

जोडपत्र : दुरुस्त तारखा (सर्व तारखा सौर आहेत)

पेहसुआ नाट्यगृह सुरू झाले : १९३६. पुस्तिकेत १९२२ आहे, ते चूक.

पेहसुआ नाट्यगृह वाळवीमुळे बंद झाले : ३ जुलै १९५४. पुस्तिकेत 'युद्धकाळात' असे आहे. वाळवीने युद्धात भाग घेतला नव्हता.

हाय-ग्वे चित्रगृह सुरू झाले : रविवार, २६ फेब्रुवारी १९५६. १५ जानेवारी नव्हे.

उत्तरेच्या गल्लीचे खरेदीखत : ८ मे १९६१. पुस्तिकेत उल्लेख नाही.

वीज गेल्यामुळे बाजूचे दार उघडले नाही तो दिवस : मंगळवार, ९ सप्टेंबर १९८६. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी उघडले. पान उलटून पाहावे.

हाय-ग्वेचा शेवटचा खेळ सुरू झाला : रविवार, १२ ऑक्टोबर १९८६, दुपारी दोन वाजता.

हाय-ग्वेचा शेवटचा खेळ संपला : __________. अजून संपलेला नाही. ही तारीख आ-क्वीने नातीकडून येथे लिहून घ्यावी आणि ती सौर आहे की चांद्र, हे कृपा करून स्पष्ट लिहावे.